शून्यावर राहिलेला वेग

माझं वाक्य पुरं करणारी माणसं मला जन्मभर भेटली. मी बोलताना अडखळतो. लिहिताना नाही, ते तुम्हाला दिसतंच आहे. तोंड उघडलं की पहिल्या अक्षरावर गाडी अडते, मान तिरकी होते, डावा डोळा मिटतो, आणि समोरच्याला वाटतं याला आता फिट येतेय की काय. मग तो घाईघाईने माझ्या तोंडात एक शब्द कोंबतो. बहुतेक वेळा चुकीचा. आणि मी मान डोलावतो, कारण ‘ते नाही, मला दुसरंच म्हणायचंय’ एवढं सांगायचं तर सगळी चढण पुन्हा पहिल्यापासून चढावी लागणार. त्यापेक्षा चुकीचं तर चुकीचं, घ्या आणि सुटा.

‘क’, ‘च’, ‘ट’ आणि ‘प’ हे माझे हाडवैरी. आता राहायला कुठे? चारकोप. नोकरी कसली? कॉम्प्युटरची. नशिबाने थट्टा करायची म्हणजे किती करायची! बसचा कंडक्टर समोर आला की मी ‘लास्ट’ म्हणायचो आणि सुटे पैसे पुढे करायचो. आईने कांदे सांगितले की बटाटे घेऊन घरी यायचो. आई कपाळावर हात मारायची, म्हणायची, ‘याचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.’ लक्ष होतं गं बाई, तोंड नव्हतं.

आणि गंमत अशी की एकटा असताना मी अजिबात अडखळत नाही. खोलीचं दार लावून घेतलं की तासभर भाषण ठोकेन. रविवारी विहारात सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून वंदना म्हणतानाही कधी अडखळलो नाही. माणसांचा घोळका चालतो, कुणी नसलं तरी चालतं. फक्त समोर एक माणूस नको. आता मला सांगा, जगायला जे काही लागतं ते सगळं समोर एक माणूस असतानाच बोलायचं असतं की नाही?

तर ऐंशीचं दशक अर्धं उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खालच्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या आणि वितळलेल्या प्लास्टिकचा वास आमच्या डब्यातल्या भाजीलासुद्धा यायचा. काचेच्या खोलीत कॉम्प्युटर, बाहेर आमची टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसती स्क्रीन आणि कीबोर्ड. त्याला स्वतःची अक्कल फारशी नसते. आतल्या खोलीतून वायरीवरून जे येईल ते दाखवायचं आणि आपण जे टाइप करू ते आत पाठवायचं, एवढंच त्याचं काम.

मला तिथे बरं वाटायचं. आठ तास कुणाशी बोलावं लागत नसे. बाकीचे कँटीनमध्ये क्रिकेटवर हाणामाऱ्या करायचे, एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. मी टेबलावरच डबा उघडायचो. सुरुवातीला बोलवायचे मला, ‘चल ना यार, इथे काय एकटाच चरतोस’ म्हणून. मी गेलोही. पण मी एक जोक सांगायला घ्यावा आणि त्याचा शेवट दुसऱ्याने सांगून टाळी घ्यावी, असं झाल्यावर पुन्हा गेलो नाही. मग त्यांनीही बोलवायचं सोडलं. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला फार एकटं वाटायचं. तेव्हा विचारलं असतंत तर मी कबूल केलं नसतं. आता करतो.

माझ्याकडे काम होतं स्क्रीनचं. प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची भाषा वेगळी. एकाला स्क्रीन पुसायची तर हा संकेत पाठवा, दुसऱ्याला तो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे सगळं कुठे लक्षात ठेवायचं? म्हणून मधे एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्रामांचा गठ्ठा. आपण तिला सांगायचं, ‘बाई, स्क्रीन पूस.’ ती बघणार समोर कुठलं टर्मिनल आहे आणि त्याच्या भाषेत सांगणार. चांगली सोय. पण या लायब्ररीची एक खोड होती. तिच्या काही गोष्टी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेल्या होत्या.

ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे सगळ्या प्रोग्रामला दिसणारा एक कप्पा. कुणीही त्यात काही ठेवावं, कुणीही काढावं. लायब्ररी म्हणते, ‘या कप्प्यात अमुक माहिती तुम्ही भरून ठेवा, मी लागेल तशी वाचते.’ आता भरायची कुणी? आमच्या चारकोपच्या सेक्टरमध्ये दोन बैठ्या घरांच्या ओळींमधल्या बोळात एक बल्ब होता. तो सगळ्यांचा. उडाला की महिनोन् महिने अंधार, कारण प्रत्येकाला वाटायचं शेजारचा लावेल. ग्लोबल व्हेरिएबलचं तंतोतंत तसंच असतं. सगळे त्यावर विसंबून आणि जबाबदार कुणीच नाही.

माहुलला एका खाजगी गोदाम कंपनीला आम्ही मालाच्या नोंदींचा प्रोग्राम दिला होता. त्यांनी कुठून तरी जुनी टर्मिनलं स्वस्तात उचलली होती. आमच्याकडे प्रोग्राम झकास चालायचा, तिथे वाट लागली. नवीन स्क्रीन आली की वरच्या ओळीतली सुरुवातीची अक्षरं गायब व्हायची. वरच्या ओळीत नेमका गेटपासचा नंबर. नंबराचे पहिले आकडे गायब झाल्यावर गेटवर ट्रकवाल्यांची जी बोंबाबोंब व्हायची ती वेगळी सांगायला नको. साहेबांनी विचारलं, माहुलला कोण जाणार? सगळ्यांना एकदम अर्जंट कामं आठवली. एक तर अंधेरीहून बस बदलत बदलत जायचं, वर तिथे रिफायनरीचा वास, डोकं धरतं. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. ‘न’ एरवी मला सोपा, पण नेमका त्या दिवशी अडला. तेवढ्यात आमचा टीम लीडर म्हणाला, ‘हा तयार आहे बघा.’ झालं. निघालो मी माहुलला.

गोदामाचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. आत त्या टर्मिनलसमोर एक मुलगी बसलेली. माझ्याच वयाची असेल. तिथल्याच कोळीवाड्यातली, घर चालत जाण्याच्या अंतरावर. आई चेंबूरच्या बाजारात मासळी विकायची आणि हिने टायपिंग शिकून ही नोकरी धरलेली. मला बघून उठली, म्हणाली, ‘तुम्ही अंधेरीवाले ना? या बसा. ही बघा तुमची करामत. सकाळपासून तीन ड्रायव्हर मला शिव्या घालून गेले.’

मला तिला विचारायचं होतं, ‘प्रत्येक वेळी होतं का, की कधी कधी?’ ‘प’वर सुरू होणारं वाक्य. मी नेहमीप्रमाणे दुसरी वाट शोधायला लागलो, सापडेना, आणि ‘प’ला जाऊन धडकलो. मान तिरकी, डोळा बंद. आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी वाट बघत होतो.

ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघत होती. समोरचे लोक अशा वेळी नकळत स्वतःचे ओठ हलवतात, मान पुढे पुढे करतात, लहान पोराला घास भरवताना आई स्वतःच तोंड उघडते ना, तसं. तिने तसलं काही केलं नाही. बघायचं टाळलंही नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तरी तिकडे बघितलं नाही. शेवटी माझं वाक्य बाहेर पडलं, अगदी प्रश्नचिन्हापर्यंत. मग ती म्हणाली, ‘प्रत्येक वेळी. पण स्क्रीन पूर्ण पुसली जाते तेव्हाच.’ तिने माझाच ‘प्रत्येक’ साध्या आवाजात परत म्हटला. मला एकदम रडूच आलं. मी खाली वाकून वायर तपासत बसलो.

चूक सापडायला वेळ लागला नाही. हे जुनं टर्मिनल स्क्रीन पुसायला सांगितल्यावर जरा वेळ घ्यायचं. तेवढ्या वेळात जी अक्षरं येतील ती त्याच्याकडून सांडायची. लायब्ररीला हे ठाऊक होतं. पुसून झाल्यावर ती मुद्दाम बिनकामाची, न दिसणारी अक्षरं पाठवते, म्हणजे तेवढा वेळ निघून जातो आणि खरी अक्षरं टर्मिनल सावरल्यावर पोचतात. अशी किती अक्षरं पाठवायची हे वायरीच्या वेगावर अवलंबून, आणि तो वेग एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये आपण भरायचा असतो. आमच्या प्रोग्राममध्ये तो कुणीच भरला नव्हता. लीडरला वाटलं मी भरला असेल, मला वाटलं लायब्ररी भरत असेल. व्हेरिएबल शून्यावर. शून्य वेग म्हणजे लायब्ररीच्या लेखी ‘मला काही सांगितलेलं नाही, मी कशाला थांबू?’ ऑफिसमधली आमची नवी टर्मिनलं फास्ट, त्यांना थांबायची गरजच नव्हती, म्हणून तिथे कुणाला कळलं नाही.

म्हणजे टर्मिनलमध्ये खोट नव्हती. समोरचा थांबत नव्हता. आता यावर मला काय वाटलं असेल ते मी फुलवून सांगत बसत नाही. मी त्या पत्र्याच्या खोलीत एकटाच मोठ्याने हसलो आणि तिने विचारलं, ‘काय झालं हो?’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. लीडर तिथेच होता. ठरवून गेलो होतो की लिहून द्यायचं नाही. शाळेत बाई म्हणायच्या, ‘तू पाटीवर लिहून दाखव’, आणि सगळा वर्ग तोंडाने उत्तरं द्यायचा. तेव्हापासून ‘लिहून दे’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी तोंडानेच सांगणार होतो. वाक्यही तयार होतं, टर्मिनल चांगलं आहे, आपणच थांबत नाही. सुरुवात केली, आणि ‘ट’वर अडकलो.

‘टर्मिनल!’ लीडर म्हणाला.

मी मान डोलावली. काय करणार, शब्द तर बरोबरच होता.

‘टर्मिनल बेकार आहेत! साहेब, मी बोललो होतो की नाही? भंगारातून उचललीयत त्यांनी. आपला प्रोग्राम एकदम ओके आहे.’

‘नाही!’ मी टेबलावर हात आपटला. रागात हा एक शब्द कसा स्वच्छ बाहेर पडला. साहेबांच्या कपातला चहा हिंदकळला. आता पुढचं बोलायचं, आणि मी ‘च’वर ठप्प. चांगलं आहे, चांगलं आहे, चांगलं आहे, आत नुसता गजर चाललेला आणि बाहेर हवा. दोघं थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, ‘बरं बरं, शांत हो. असं कर, लिहून दे.’

मी बाहेर आलो. जिन्यात उभा राहून खालच्या गाळ्यातल्या बादल्या बघत बसलो. साहेब वाईट माणूस नव्हते. लीडरही नव्हता. त्यांना घाई होती, बस्स. सगळ्या मुंबईलाच घाई. पण त्या दिवशी दोघांचीही मान मुरगाळावी असं मला वाटलं, हे खरं.

नाही दिलं लिहून. चार-दोन ओळी प्रोग्राममध्ये घातल्या, वायरीचा वेग मशीनलाच विचारून त्या कप्प्यात भरला, टेप घेतली आणि माहुल गाठलं. गोदामातल्या मशीनवर नवा प्रोग्राम चढवला आणि तिला म्हटलं, बघा. तिने बटण दाबलं. स्क्रीन पुसली गेली, हिरव्या अक्षरांचा चौकोन क्षणभर काळा राहिला, आणि मग गेटपासचा नंबर पहिल्या आकड्यापासून आला. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा आला. ‘अय्या, मस्त!’ म्हणाली. ‘काय केलंत?’ मी सांगितलं. सगळं सांगितलं, ग्लोबल व्हेरिएबल, शून्य, न दिसणारी अक्षरं. खूप वेळ लागला. चहावाला पोऱ्या येऊन ग्लास ठेवून गेला आणि चहा थंड झाला. ती ऐकत होती.

इकडे ऑफिसात लीडरने साहेबांना सांगितलं, ‘बघा, कस्टमरला जरा दम दिला की टर्मिनल आपोआप सुधारतात.’ मी ऐकलं आणि डबा उघडला.

त्यानंतर मी माहुलला जायची निमित्तं शोधायला लागलो. रिपोर्टचं मार्जिन सरकवायचंय, नवीन टेप द्यायचीय, प्रिंटर बघायचाय. कुणालाच जायचं नसल्यामुळे कुणी हरकत घेत नव्हतं. दुपारी आम्ही ऑफिसच्या मागच्या पायरीवर बसून डबा खायचो. समोर खाडीचा चिखल, काठावर वाळत घातलेले बोंबील, पलीकडे रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत. ती मला तिच्या डब्यातलं सुकटाचं कालवण वाढायची आणि मी आईच्या हातची भाकरी तिला द्यायचो. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलंही नाही.

एकदा मी तिला म्हणालो, ‘आज जरा लवकर जायचंय, मुंबईच्या त्या टोकाला राहतो मी.’ तिने घास थांबवला. ‘तुला चारकोप म्हणायचं होतं ना? गेटवरच्या वहीत तर लिहितोस.’

मी डब्याचं झाकण लावायला लागलो.

‘तू शब्द बदलतोस. मी बघते ना. तुला एक बोलायचं असतं, तू दुसरंच सोपं काहीतरी बोलतोस. परवा टर्मिनलला मशीन म्हणालास, त्याच्या आधी चहा नको म्हणालास, आणि तुला हवा होता.’

मला संतापच आला. म्हणजे बघा, लहानपणापासून मेहनतीने बांधलेली माझी ही चोरवाट, सख्ख्या आईलासुद्धा न कळलेली, आणि ही काल आलेली मुलगी त्यावर बोट ठेवणार. मी म्हणालो, ‘तुझं काय जातंय?’

‘माझं काय जायचंय?’ ती म्हणाली. ‘पण मला पहिला शब्द सांगत जा ना. दुसरा नको. लागू दे वेळ, मला कुठे ट्रेन पकडायचीय? घर इथेच आहे माझं.’

मी विचारलं, तू मधे का बोलत नाहीस? सगळे बोलतात. तर ती माझ्याकडे असं बघायला लागली की काय वेड्यासारखं विचारतोय. ‘तू बोलत होतास ना? मग मी कशाला मधे बोलू?’ एवढंच. मी काहीतरी मोठं कारण असेल म्हणून वाट बघत होतो. नव्हतंच.

त्या दिवशी बसमध्ये मी ‘चारकोप’ म्हणालो. कंडक्टर करवादला, मागची बाई हसली, मला काही वाटलं नाही.

घरी आईने माझ्या लग्नाचं काढलं होतं. साताऱ्याकडच्या नात्यातली एक मुलगी घाटकोपरला मामाकडे आली होती. आई म्हणाली, ‘तू काही बोलू नको हां तिथे. मी आणि आत्या बोलतो सगळं. एकदा लग्न होऊ दे, मग कळलं तर कळलं.’ जीव होता तिचा माझ्यावर. माझ्या भल्यासाठीच ती माझं तोंड झाकायला निघाली होती. मी म्हटलं, ‘मी येणार नाही.’ ‘का?’ ‘मला एकीला विचारायचंय.’ ‘कोण ती? मला सांग, मी जाते बोलायला.’ ‘नाही आई. मीच विचारणार.’ आईचा चेहरा पडला. तिच्या मनात आलं ते मला दिसलं, की याला हे कसं जमायचं. तिने बोलून नाही दाखवलं, ते एक बरं केलं.

मी तयारी केली. चारकोपच्या खाडीकडच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी कुणी नसायचं. तिथे उभा राहून मोठ्याने म्हणायचो, ‘तू माझ्याशी लग्न करशील का?’ खणखणीत निघायचं. एकदा, दहादा, एकही अक्षर अडत नव्हतं. एखाद्या नटासारखा मी ते वाक्य म्हणायचो, कधी हळू, कधी हसत. पण बरं काही वाटायचं नाही. तिथे कुणी नव्हतं म्हणून तर ते निघत होतं.

‘करशील’ टाळून दुसरं वाक्यही मी जुळवलं होतं. ‘माझी होशील ना’ असं सिनेमातल्यासारखं. त्यात एकही हाडवैरी सुरुवातीला नव्हता. पण ते माझं नव्हतं. तिने माझ्याकडे पहिला शब्द मागितला होता, मग हेच एक वाक्य मी उसनं कसं आणणार?

गेलो एका शनिवारी. त्यांचं ऑफिस अर्धा दिवस होतं. ती कुलूप लावून किल्ली वॉचमनला देऊन आली आणि आम्ही मागच्या पायरीवर बसलो. ओहोटी होती, चिखलात बगळे फिरत होते. ती काहीतरी सांगत होती तिच्या भावाच्या होडीबद्दल, इंजिन नवीन टाकलंय वगैरे. तिचं सांगून झालं. मी म्हणालो, ‘मला तुला एक विचारायचंय.’

‘विचार ना.’

‘तू माझ्याशी लग्न’ इथपर्यंत आलो. सहज आलो, मलाच आश्चर्य वाटलं. आणि ‘करशील’च्या ‘क’वर माझा गळा बंद झाला.

आता यापुढे काय विचारायचं उरलं होतं, सांगा? ‘लग्न’ म्हणून झालं होतं. आंधळ्यालाही कळलं असतं. तिलाही कळलं. मी डोळा मिटायच्या आधी तिचा चेहरा पाहिला आणि मला उत्तर तिथेच समजलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते आनंदाचे नव्हते, एवढं मला कळत होतं.

तिला हात वर करता आला असता. ‘पुरे रे, कळलं मला’ म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं असतं. माझ्या भल्यासाठीच म्हटलं असतं. मलाही तिथे सोडून देता आलं असतं, हसून म्हणता आलं असतं की जाऊ दे, गंमत केली. ‘जाऊ दे’ला मला कधीच अडचण नव्हती. पण ती हलली नाही. हात मांडीवर ठेवून, भरल्या डोळ्यांनी, माझ्याकडे बघत बसून राहिली. ती थांबली होती म्हणून मला मधेच सोडता येईना. मान तिरकी झाली, जबडा दुखायला लागला, लाळ ओघळली, ती मी बाहीने पुसली. ‘क’. पुन्हा ‘क’. रिफायनरीचा भोंगा होऊन गेला. पत्र्यावर कावळा येऊन बसला आणि उडून गेला. आणि मग ते निघालं.

‘करशील का?’

सगळं वाक्य आमच्या दोघांच्या मधे होतं. तिने ते पुरं होऊ दिलं, आणि त्यानंतरही एक क्षण थांबली, अजून काही राहिलंय का म्हणून.

मग म्हणाली, ‘नाही रे.’

कारण दिलं नाही तिने. घरचे, जात, ठरलेलं लग्न, असलं काही पुढे केलं नाही. मला जरा बरं वाटावं म्हणून तिला सहज खोटं बोलता आलं असतं. ‘तू मला आवडतोस, पण तसा नाही,’ एवढंच म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

मी उठलो. बसस्टॉपपर्यंत चालताना मला तिचा इतका राग आला की काय सांगू. माहीत होतं तर मधेच तोडायचं होतं ना! अख्खं म्हणायला लावलं, त्या ‘क’पाशी माझे हाल बघत बसली, आणि मग नाही! भर दुपारी रस्त्यात मी एकटाच तिला मोठ्याने बोलत होतो, एका अक्षरावर न अडता. कोळणी टोपल्या घेऊन चालल्या होत्या, त्या बघायला लागल्या.

बस आली. मी चढलो नाही. तिथेच कठड्यावर बसलो आणि हमसून हमसून रडलो. तोपर्यंतच्या आयुष्यात मला कुणीच ‘नाही’ म्हटलं नव्हतं. त्यासाठी आधी माझं विचारून व्हावं लागतं, आणि तितका वेळ कुणी दिलाच नव्हता.